काठावरची बेशरम

बदलापूर गाव,
ता. ६ सप्टेंबर १९८७

चि. सौ. बनूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझे भावोजी खोकतात आणि विडी ओढतात, विडी ओढतात आणि खोकतात, त्यात काही बदल नाही. तुमच्याकडे पोरांची पोटं, शशिकांतरावांची शिफ्ट, उल्हासनगर कॅम्पातलं पाणी कसं काय आहे ते कळव. गौरीला तू आली नाहीस. वाट बघून डोळे थकले असं लिहिणार नाही, कारण मी वाट बघितलीच नाही.

पत्र लिहायचं कारण आपला वहाळ. हसू नको. बाबांनी आपल्या दोघींच्या नावावर जे गवताचं रान ठेवलं, त्याच्या मधून जातो तो ओढा. आपण फ्रॉक खोचून ज्या डोहात खेकडे धरायचो, तो डोह आता नाही. गाळाने भरून ताटासारखा सपाट झालाय. यंदा पाऊस नावालाच, पण जुलैत दोन दिवस असा काही कोसळला की उंबरापासून खालच्या वळणापर्यंत आपला काठ गवतासकट पाण्यात गेला. मी छत्री घेऊन उभी होते आणि माझ्या डोळ्यांदेखत जमीन धपाधप पडत होती. तुझे भावोजी म्हणाले, देवाची मर्जी. मी म्हटलं, देवाला काय आपलंच रान दिसलं होय?

मग मी तालुक्याला जाऊन मृदसंधारणाच्या साहेबांना घेऊन आले. तरुण आहेत, चष्मेवाले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली तरी सगळा काठ चालले, म्हणून त्यांचं ऐकून घेतलं. म्हणाले, बाई, दोष पाण्याचा नाही, खुरांचा आहे. गुरं, शेळ्या मनाला येईल तिथून पाण्यावर उतरतात. काठ ढिला होतो, माती पाण्यात येते, वहाळ उथळ होऊन पसरतो आणि होळीच्या आत कोरडा पडतो. उपाय सांगितला तो असा. उभी दरड फावड्याने तिरपी करायची, पायथ्याला दगड रचायचे, वर झाडझाडोरा लावायचा. काठालगतचं गवत कापायचं नाही, चरू द्यायचं नाही. जनावरांना पाण्यावर यायला एकच दगडी उतार बांधून द्यायचा. दोन-तीन पावसाळे एवढं सांभाळलं की पुढे वहाळ स्वतःचं स्वतः बघतो.

केलं बाई सगळं. तुझे भावोजी आणि मी पाठीचे काटे ढिले होईपर्यंत दगड वाहिले. वाळ्याचे ठोंब आणून ओळीत लावले. आठ दिवसांत हिरवी पाती आली. नवव्या दिवशी सकाळी जाते तर निम्मे ठोंब उपटून पालथे पडलेले आणि तुझी सासू वरच्या दगडावर बसून तंबाखू मळतेय.

हो, तुझी सासू. रखमाबाई. मुलगा-सून कॅम्पात आणि ती इथे वहाळाकडेच्या खोपटात, सात शेळ्यांच्या जिवावर जगते. हे टोमणा म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहिते. मी म्हटलं, "मावशी, शेळ्या आवरा, सरकारी काम आहे." तर म्हणते कशी, "शेळी काय शाळेतलं पोर हाय गो, आवर म्हटल्यावर गप बसायला? काठावर नाय चरणार तर काय तुज्या डोक्यावर चरंल?" चार माणसांत. मी घरी आले आणि जेवले नाही.

पण मीही बाबांचीच मुलगी. रेल्वेच्या कडेने ती जांभळ्या भोंग्यासारख्या फुलांची बेशरम माजलेली असते ना, ती तुझ्या भावोजींना गाडीभर तोडून आणायला लावली. काठी मोडून खुपसायची, झालं. ना खत, ना पाणी. मरत म्हणून नाही आणि जनावर तिला तोंड लावत नाही. आपल्या सगळ्या काठाला तिचं कुंपण घातलं. आता बघू शेळ्या काय चरतात ते. आई तुला रागाने बेशरम म्हणायची ते आठवून मला हसू आलं.

तर माझं म्हणणं एवढंच. सासूला घेऊन जा, नाहीतर तिला शेळ्या विकायला लाव. सत्तरी उलटलेल्या बाईने रानोमाळ फिरणं शोभत नाही, आणि लोक मला विचारतात, तुला नाही. शशिकांतरावांना हे वाचून दाखव.

पोरांना पापा.

तुझी ताई,
द्रौपदी


बदलापूर गाव,
ता. २१ फेब्रुवारी १९८८

चि. सौ. बनूस,

ताईचे आशीर्वाद. तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं. तिळगूळ मिळाला नाही. पोस्टाने तिळगूळ येत नाही हे मला कळतं, पण माणूस येतं. बदलापूरहून उल्हासनगर म्हणजे काही काशी नव्हे.

तू लिहिलंस, खोली एवढीशी, शेजारी सिंध्याचं पापडाचं काम, जिन्यात पाय ठेवायला जागा नाही, त्यात म्हातारीला कुठे ठेवू? खरं आहे. आई अंथरुणाला खिळली तेव्हाही तुझी खोली एवढीशीच होती. तिची हगणीमुतणी तीन वर्षं मी काढली, आणि तू दिवाळीला लुगडं घेऊन यायचीस. लुगडी सगळी चांगली होती. तेव्हा आता दुसऱ्याची म्हातारी माझ्या गळ्यात पडेल असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाक.

वहाळाची खबर चांगली आहे. बेशरम अशी काही फोफावली आहे की काठ दिसत नाही. होळी आली तरी डोहात पाणी आहे! किती वर्षांनी! दगडी उतार बांधून झाला. त्याला फाटक केलं आणि आडणा घातला. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः उभी राहून गावाची गुरं पाण्यावर सोडते. आधी लोकांनी शिव्या दिल्या, आता मुकाट येतात. तुझ्या सासूच्या शेळ्या मात्र मी सोडत नाही. तिने माझ्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं होतं, आणि तिने माफी मागितली नाही. मागितली की सोडीन. तोपर्यंत तिने लांब वस्तीच्या बोअरिंगवरून घागरी वाहाव्यात.

गवत कापून, बांधून गंजी रचली आहे. दुष्काळामुळे गुजरातपर्यंत गवताला मागणी आहे, म्हणून अजून विकलं नाही, भाव चढू दे म्हणून थांबले. अंगणात डोंगराएवढी गंजी आणि अंगणाबाहेर सगळं रखरखीत. डोंगरावर वणवा लागून गेला, गायरानात मातीसुद्धा चाटून साफ झाली. हिरवं असं गावात एकच उरलं आहे, ते म्हणजे आपली बेशरम.

परवा तुझी सासू आली. दारात नाही, अंगणाच्या कडेला उभी राहिली. ढवळी शेळी गाभण आहे म्हणाली, एक गठ्ठा दे, नाहीतर अर्धा दे. तिला मागायची सवय नाही गं. मागताना ती गंजीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तुझे भावोजी गठ्ठा उचलायला वाकले होते, मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "मावशी, गंजी माझ्या एकटीची नाही, निम्मी बनूची आहे. तुमच्या सुनेची. मी परस्पर कशी देऊ? मी विचारते तिला."

म्हणून विचारते. तुझ्या वाट्यातून देऊ का? तुझी सासू, तुझा वाटा, मी मध्ये कोण? तू हो म्हणालीस की त्याच दिवशी देते. मी न्यायाने वागणारी बाई आहे.

ढवळी काल बेशरमीच्या पानांना तोंड लावत होती. एकदा जीभ पोळली की परत जाणार नाही.

उत्तर लवकर पाठव. शशिकांतरावांना नमस्कार.

तुझी ताई,
द्रौपदी


बदलापूर गाव,
ता. १५ मे १९८८

चि. सौ. बनूस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मार्चमध्येच मिळालं होतं. उत्तर द्यायला उशीर झाला. उन्हाळा फार आहे.

बनू, उघड्या कार्डावर असलं लिहू नये. पोस्टमन वाचतो. "तुला एवढा पुळका असेल तर तुझ्या वाट्यातून दे, माझ्या वाट्याला हात लावू नको." ठीक आहे. नाही लावला. माझ्याही वाट्याला लावला नाही. दिलं असतं तर तू जिंकली असतीस.

शेळ्यांचं तुला कोणाकडून तरी कळलं असेलच, नाहीतर बरोबर आत्ताच तू खुशाली विचारली नसतीस. तर ऐक. जीभ पोळून परत जाणार नाहीत असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. बेशरमीची चटक लागते. उपाशी शेळी आधी नाइलाजाने खाते, मग तिला दुसरं काही नको होतं. म्हातारीने कुठून कुठून वडाचा पाला आणून पुढे टाकला, तो त्यांनी हुंगला नाही. दावं तोडून काठावर जायच्या. मग त्यांच्या माना हलायला लागल्या, आपल्या म्हाताऱ्या मामांची हलायची तशा, एकसारख्या. मागचे पाय वेगळीकडे जायचे, पुढचे वेगळीकडे. उभ्या राहायच्या आणि डोळे लावून कुठेतरी बघत बसायच्या. खाटीक आला, त्याने बघितलं आणि हात जोडून निघून गेला. फुकटसुद्धा नको म्हणाला.

ढवळी व्याली. करडू उभं राहिलं नाही. त्याला ती चाटायला वाकायची आणि मान हलायची, जीभ बाजूला जायची. म्हातारी करडाला धरून तिच्या तोंडापुढे नेत होती. मी फाटकाशी उभी राहून हे बघितलं. सगळं बघितलं.

अक्षय्य तृतीयेपर्यंत सातही संपल्या. शेवटची बांडी वहाळात पडली, माझ्या दगडी उतारावरच. फाटक कोणी उघडलं माहीत नाही, बहुतेक तुझ्या भावोजींनी. ते हल्ली माझ्याशी कामापुरतं बोलतात.

पलीकडच्या बौद्धवाड्यातली भिमाबाई तुला आठवेल. तिचा नवरा अंबरनाथला फॅक्टरीत होता, ती. ती मला म्हणाली, "द्रौपदाबाई, तुमास्नी मी मार्चातच सांगितलं व्हतं. माझ्या भावाच्या शेळ्या अशाच गेल्या. सांगितलं व्हतं का नव्हतं?" गावाच्या पारावर विचारलं. मी म्हटलं, सांगितलं होतं.

हो बनू, सांगितलं होतं. मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, एखादी मरेल, म्हातारी घाबरेल, शेळ्या विकून कॅम्पाचा रस्ता धरेल, आणि मग तुला कळेल म्हातारं माणूस घरात असणं म्हणजे काय ते. एवढंच माझ्या मनात होतं. सात मराव्यात असं नव्हतं. पण दोन मेल्या, तीन मेल्या, तरी मी गंजीला हात लावला नाही, कारण मग लोक म्हणाले असते की आधी का नाही दिलं.

तूही कळवू शकली असतीस. एक शब्द. "दे."

आता मुद्द्याचं. शेळ्या गेल्या, म्हातारीच्या पोटाला आधार नाही. त्या दिवशी ती आमच्या पडवीत येऊन बसली. मी चहा दिला. प्याली. मग मी म्हटलं, "मावशी, आता मुलाकडे जा. गाडीचं तिकीट मी काढून देते." तिने कप पालथा घातला, उठली, आणि सरळ भिमाबाईकडे गेली. तिथेच आहे. तिथेच जेवते, तिथेच झोपते. गावात बोभाटा झालाय. आपल्यातली बाई त्यांच्या घरात भाकरी खाते म्हणून चार जण मला विचारून गेले. मी काय सांगू?

शशिकांतरावांना पाठव. माझं एकही पत्र तू त्यांना दाखवत नाहीस हे मला कळतं, नाहीतर हा माणूस इतके महिने गप्प बसणारा नाही. नाही दाखवायचं तर नको दाखवू. पण आई आजारी आहे, शेळ्या विकल्या, काहीही सांग आणि पाठव. म्हातारी रोज संध्याकाळी स्टेशनाकडच्या वाटेला तोंड करून बसते असं भिमाबाई म्हणते. मला खरं वाटत नाही, ती काही वाट बघणारी बाई नव्हे. पण भिमाबाई खोटं बोलत नाही.

गंजी विकली. पैसे आले की तुझा निम्मा वाटा पाठवते.

द्रौपदी


बदलापूर गाव,
गुरुवार, ता. २७ ऑक्टोबर १९८८

बनू,

तुझं पत्र मंगळवारी दुपारी मिळालं. त्याचं खाली लिहिते. आधी वहाळाचं लिहू दे, मला थोडा वेळ लागतोय.

यंदा पाऊस भरपूर झाला. काठ तसूभर हलला नाही. गेल्या वर्षी जिथे दरड पडली होती तिथे आता वीतभर माती उलटी साठली आहे. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसतात. डोह पुन्हा खोल व्हायला लागलाय, मुठे खेकडे आलेत, बोटभर मासे आलेत, उंबरावर खंड्या बसतो. काठालगत न कापलेलं गवत छातीएवढं झालंय. साहेब बघून इतके खूश झाले की मागच्या आठवड्यात जीपमधून आणखी चार जणांना घेऊन आले. माझा फोटो काढला. एकाने विचारलं, बाई, हे तुम्हाला कसं जमलं?

मी काय सांगणार होते? मी म्हटलं, राखण केली.

मग साहेब बेशरमीपाशी थांबले. "बाई, ही कोणी लावली?" मी म्हटलं, शेळ्या वाळा खात होत्या म्हणून मी लावली. त्यांनी कपाळाला हात लावला. ही पाण्यात उतरेल म्हणाले, दोन वर्षांत वहाळ बुजवून टाकेल, आत्ताच उपटा. "आणि शेळ्यांचीच अडचण होती तर निरगुडी लावायची होतीत! निरगुडीला शेळी तोंड लावत नाही. आणि लावलं चुकून, तरी मरत नाही."

निरगुडी, बनू. वहाळाच्या वरच्या अंगाला रान माजलंय तिचं. बाळंतिणीच्या पाण्यात आपण तिचाच पाला घालतो. तुझ्या बाळंतपणात मीच आणला होता. तुझी सासू गुडघ्याला तीच बांधायची, तिच्या खोपटाच्या मागे होती. गावात एकाच्याही डोक्यात आली नाही. सगळ्यांत आधी माझ्याच आली नाही, कारण मला काठ नुसता राखायचा नव्हता, बंद करायचा होता.

आता बेशरम उपटतेय. उपटत नाही. तुकडा पडला की तिथे फुटते. हाताला चीक लागून खाज सुटली आहे, त्यामुळे अक्षर असं येतंय.

पावसाळ्यात मी एकदा भिमाबाईकडे गेले होते. पहिल्यांदा तिच्या दारात गेले. म्हातारी आत बसून तांदूळ निवडत होती. म्हटलं, "मावशी, चला. माझ्या पडवीत राहा. दोन वेळचं जेवण मी घालीन." ती मान वर न करता म्हणाली, "कशाला गो? काठाला राखण कमी पडली काय?" मी तशीच परत आले. लोक बोलतात म्हणून मी गेले होते असं तुझ्या भावोजींना सांगितलं. ते खरं नाही. मला झोप लागत नव्हती.

आता तुझ्या पत्राचं. दोनदा वाचलं. तू लिहितेस, शशिकांतरावांना शेवटी सगळं सांगितलं, शेळ्या मेल्याचं आणि आई परक्या घरी असल्याचं. म्हणजे सगळं नाही, पण सांगितलंस. ते तुझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. खिडकीजवळ खाट घातली. शेजारच्या सिंधी बाईने गादी दिली, मोठ्या पोरीने आजीच्या उशाशी ठेवायला तांब्या घासून ठेवला. रविवारी ते स्वतः न्यायला येणार, दिवाळी यंदा आईसोबत. "ताई, तू म्हणत होतीस तेच मी केलं, आता तरी माझ्यावरचा राग सोड."

बनू, राग सोडला. खरंच सोडला. पण पोस्टमनने ते पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा तुझे भावोजी स्मशानातून येऊन मागच्या दारी अंघोळीला बसले होते.

म्हातारी मंगळवारी पहाटे गेली. चार-पाच दिवस ताप होता. भिमाबाईने डॉक्टर आणला होता, सुई दिली होती. मला कोणी सांगितलं नाही. मला सकाळी कळलं ते पारावर माणसं जमली म्हणून.

मी कॅम्पाला माणूस पाठवायला निघाले होते. सायकल काढायला लावली होती. भिमाबाई वाटेत आडवी उभी राहिली. म्हणाली, "रखमाबाईचं सांगणं हाय. पोराला कळवायचं नाय. शेळ्या मेल्या तवा आला नाय, आता मला बघून काय करणार, असं बोलल्या. मी शब्द दिलाय." मी म्हटलं, अगं, मुलगा आहे तो, अर्ध्या तासावर राहतो. ती म्हणाली, "अर्ध्या तासावरच तर व्हता." मी सायकल आत लावायला सांगितली.

तिरडीसाठी मी गवताचा गठ्ठा पाठवला. तो भिमाबाईने परत पाठवला, आमच्याकडे पेंढा आहे म्हणून. अग्नी तुझ्या भावोजींनी दिला. मला विचारलं नाही. केस उतरवून आले. ते माझ्याशी अजून एक शब्द बोललेले नाहीत आणि मला वाटतं आता बोलणार नाहीत.

हे सांगायला मी स्वतः यायला हवं होतं. काल स्टेशनपर्यंत आले होते. दोन गाड्या सोडल्या आणि परत फिरले. तुझी पोरगी तांब्या घासून बसलीय हे डोळ्यांसमोरून जाईना.

हे पत्र शनिवारी तुझ्या हातात पडेल. पडलं की शशिकांतरावांना त्याच दिवशी सांग. रविवारवर ढकलू नको. ते इथे आले तर आधी खोपटाशी जातील, ते बंद आहे. मग भिमाबाईकडे जातील. ती त्यांना बसवेल, पाणी देईल आणि सगळं सांगेल. शेळ्यांच्या माना कशा हलायच्या ते सांगेल, फाटकाचं सांगेल, गंजीचं सांगेल, माझं सांगेल. आणि तू कार्डावर काय लिहिलं होतंस तेही सांगेल, शब्दन् शब्द. कारण कार्ड आलं त्या दिवशी मी ते खोपटापाशी जाऊन म्हातारीला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सुनेचा वाटा आहे, सुनेचं उत्तर ऐका, असं म्हणून. भिमाबाई तिथेच घागर घेऊन उभी होती. हे मी तुला मेमध्ये लिहिलं नव्हतं.

तेव्हा त्यांना तुझ्या तोंडून कळू दे. काय आणि किती सांगायचं ते तू ठरव, मला विचारू नको. मला सुचलं असतं तर मी दोन गाड्या सोडल्या नसत्या. एवढं मात्र कर. खिडकीजवळची खाट आधी उचल, मग सांग.

आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

द्रौपदी